‘उंदरांचा मधुमेह बरा झाला’ ही बातमी कशी वाचायची

गेल्या महिन्यात सकाळी साडेसातला मामांचा फोन आला. मामा ६६ वर्षांचे, बिबवेवाडीला राहतात. १८ वर्षांपासून मधुमेह आहे आणि आता रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. “अगं, पेपरात आलंय बघ. मधुमेह पूर्ण बरा केला म्हणे शास्त्रज्ञांनी.” मी म्हटलं, “मामा, जरा खाली वाचा. कुणाचा बरा केला?” थोडा वेळ नुसता कागदाचा आवाज. मग म्हणाले, “उंदरांचा.” आणि लगेच, “पण उंदरात झालं म्हणजे आज ना उद्या माणसात होणारच ना?”

मी “सांगता येत नाही” म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. ते मला दिवसभर लागून राहिलं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी सहा वर्षं उंदरांवर काम केलंय. मामांना यापेक्षा नीट उत्तर द्यायला हवं होतं. ते उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. मराठीत उंदीर म्हटलं की लहान-मोठे सगळे त्यात आले. प्रयोगशाळेत मात्र दोन वेगळे प्राणी असतात. एक रॅट, पाव किलो ते अर्धा किलो वजनाचा. दुसरा माऊस, जेमतेम २० ते ३० ग्रॅमचा, म्हणजे पाचेक चमचे साखरेइतका. या लेखात नुसतं उंदीर लिहिलं तर तो हा छोटा माऊस समजावा.

ॲनिमल हाऊसमध्ये पहिल्यांदा पिंजऱ्याचं झाकण उचललं तो दिवस मला अजून आठवतो. खाली भाताचं तूस, त्यावर टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या कुरतडून रचलेलं वाटीसारखं घरटं आणि त्यात एकमेकांना चिकटून सात पिल्लं. जन्माला काही तासच झालेले. गुलाबी, डोळे मिटलेले, सोललेल्या शेंगदाण्याहून थोडी मोठी. कातडी इतकी पातळ की पोटाच्या डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसत होता. तिथल्या अनुभवी काकांनी सांगितलं, “ते दूध आहे, जठरातलं. ज्याला ठिपका नाही ते उपाशी राहिलंय असं समजायचं.” पुढची सहा वर्षं मी रोज सकाळी आधी ते ठिपके मोजायचे, मग बाकीचं काम.

या प्राण्यालाच का निवडलं, याचं एक उत्तर घड्याळात आहे. गर्भारपण १९ ते २१ दिवसांचं. आणखी तीन आठवड्यांत पिल्लं आईचं दूध सोडतात आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की स्वतः वीण घालू शकतात. आयुष्य साधारण दोन वर्षांचं. आजीच्या आहाराचा नातीवर काय परिणाम होतो हे माणसात बघायचं तर पन्नास-साठ वर्षं हवीत. उंदरात ते एका वर्षात दिसतं.

दुसरं उत्तर सारखेपणाचं. मामा आणि त्यांचे शेजारी एकच गोळी घेतात, एकाची साखर उतरते, दुसऱ्याची उतरत नाही. खाणं वेगळं, झोप वेगळी, आईबापांकडून आलेली जनुकं वेगळी. कारण शोधायचं कुठे? म्हणून शास्त्रज्ञांनी भाऊ-बहिणींची वीण सलग वीस पिढ्या आणि त्याहून जास्त घालून अशा जाती तयार केल्या, ज्यांतले सगळे उंदीर जनुकांच्या बाबतीत जवळजवळ जुळ्यांसारखे असतात. जगात सगळ्यात जास्त वापरला जाणारा काळा उंदीर, ‘सी ५७ ब्लॅक ६’, हा असाच. त्यातला ५७ हा आकडा एका मादीचा क्रमांक. शिक्षिकेची नोकरी सोडलेल्या ॲबी लेथ्रॉप या बाई अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी शौकिनांसाठी उंदीर पाळायच्या. त्यांच्या कळपातून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरन्स लिटल यांनी १९२१ मध्ये हा वंश सुरू केला. लेथ्रॉपबाईंच्या वह्यांत कुठल्या मादीला गाठी आल्या याच्या नोंदी होत्या आणि कर्करोगावरच्या शोधनिबंधांत त्या सहलेखिका होत्या. त्यांचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिसरं उत्तर जनुकांचं. उंदराचा संपूर्ण जनुकीय आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच काळ्या उंदराचा. त्याची गुणसूत्रं ४०, आपली ४६. पण प्रथिनं बनवणारी जनुकं दोघांतही वीस हजारांच्या आसपास आणि त्यातल्या बहुतेकांची जोडी दुसऱ्यात सापडते. इन्सुलिन त्याच्याही स्वादुपिंडातच तयार होतं. इतकं साम्य असल्यामुळे एक खास प्रयोग करता येतो. घराच्या मेन बोर्डवरचा एक फ्यूज काढायचा आणि कुठल्या खोलीत अंधार झाला ते बघायचं, तसं उंदराचं एकच जनुक बंद करून काय बिघडतं ते बघायचं. असे उंदीर १९८९ पासून जन्माला येऊ लागले. ती पद्धत शोधणाऱ्या कॅपेची, एव्हान्स आणि स्मिथीज या तिघांना २००७ चं नोबेल मिळालं. अर्थात घरात इन्व्हर्टर असेल तर फ्यूज काढूनही दिवे चालूच राहतात. उंदरातही कधी कधी दुसरं जनुक पहिल्याचं काम उचलतं आणि प्रयोग करणारा बुचकळ्यात पडतो.

आता मामांच्या प्रश्नाकडे. पिंजऱ्यातल्या उंदराला आपणहून मधुमेह सहसा होत नाही, तो करावा लागतो. कसा केला, यावर बातमीचा सगळा अर्थ अवलंबून असतो आणि बातमीत नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

सगळ्यात झटपट रस्ता म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध टोचणं. त्याची रचना साखरेशी मिळतीजुळती, त्यामुळे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याला आत घेतात आणि मरतात. काही दिवसांत उंदराची साखर चढते. दुसरा रस्ता चरबीचं खाणं. निम्म्याहून जास्त उष्मांक चरबीतून येतील असा चारा काही आठवडे दिला की काळा उंदीर लठ्ठ होतो आणि इन्सुलिनला दाद देईनासा होतो. तिसरा, जन्मतःच एखादं जनुक बिघडलेले उंदीर. आणि चौथा म्हणजे जपानमध्ये सापडलेला, १९८० मध्ये जगासमोर आलेला ‘नॉड’ उंदीर. त्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते. लहान मुलांना होणाऱ्या टाइप वन मधुमेहात जे होतं, त्याच्या बरंच जवळचं.

मामांचा मधुमेह टाइप टू, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं तो. त्यांच्या पेशी कुठल्या औषधाने एका आठवड्यात मेलेल्या नाहीत. नॉड उंदराचा मधुमेह थांबवणारं औषध त्यांना फारसं उपयोगाचं नाही. चरबी खाऊन लठ्ठ झालेला उंदीर त्यांच्या थोडा जवळचा, पण तोही जेमतेम चार-पाच महिन्यांचा तरुण असतो, त्याला ना ब्लडप्रेशरची गोळी चालू असते, ना वीस वर्षांचं बैठं काम झालेलं असतं.

नॉड उंदरांमध्ये मधुमेह रोखणारे किंवा लांबवणारे उपाय आजवर शंभराहून जास्त निघालेत. त्यातले बहुतेक तिथेच थांबले. पण एक पोचला. रोगप्रतिकारक पेशींवरच्या ‘सीडी ३’ या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दिली तर आजार सुरू झालेले नॉड उंदीर सुधारतात, हे १९९४ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वाटेने पुढे टेप्लिझुमॅब हे औषध आलं. टाइप वन होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत आजार लांबवण्यासाठी त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. उंदरापासून माणसापर्यंत २८ वर्षं. ‘किती वर्षं लागतील’ असं कुणी विचारलं की मला हाच आकडा आठवतो.

पण उंदीर आपल्याला काय देतो आणि कुठे हात टेकतो हे एकाच गोष्टीत बघायचं असेल, तर ती लेप्टिनची. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर अफाट खात सुटलेले दिसले. वजन सामान्य उंदराच्या जवळजवळ तिप्पट. हा एका जनुकाचा दोष होता. पुढे तिथेच दुसऱ्या एका जनुकाचा दोष असलेले, तसेच लठ्ठ आणि शिवाय मधुमेही उंदीर सापडले. दिसायला दोन्ही सारखे. डग्लस कोलमन यांनी मग एक प्रयोग केला, जो वाचताना आजही अंगावर काटा येतो. दोन उंदरांची शरीरं कुशीला शिवून जोडायची, म्हणजे एकाच्या रक्तातलं दुसऱ्याच्या रक्तात जातं. पहिल्या प्रकारचा लठ्ठ उंदीर सामान्य उंदराला जोडला तर लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. दुसऱ्या प्रकारचा जोडला तर तो लठ्ठच राहिला आणि जोडीदार सामान्य उंदीर मात्र खाणं सोडून उपासमारीने मेला.

यावर जरा थांबून विचार करा. रक्तातून ‘पोट भरलं, आता पुरे’ असा काहीतरी निरोप जात असला पाहिजे. पहिल्या उंदराला तो निरोप तयारच करता येत नाही, शेजाऱ्याकडून मिळाला की ऐकतो. दुसऱ्याकडे निरोपांचा नुसता पूर आहे, पण त्याला ऐकूच येत नाही. तो पूर शेजाऱ्याच्या अंगात शिरला आणि त्याची भूकच मेली. त्या पदार्थाचं नाव-गाव काहीही माहीत नसताना कोलमन यांनी हे ताडलं होतं. पदार्थ सापडला १९९४ मध्ये, जेफ्री फ्रीडमन यांना. चरबीच्या पेशींतून निघणारा हा संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन. नाव ठेवलं लेप्टिन.

तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, इंग्लंडमध्ये एकाच कुटुंबातली दोन मुलं सापडली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. दोघांच्या अंगात लेप्टिन जवळपास नव्हतंच. दोष त्याच जनुकात, जो बार हार्बरच्या पहिल्या उंदरांत होता. त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि वर्षभरात तिचं वजन पंधरा किलोहून जास्त उतरलं. जन्मापासून ‘पोट भरलं’ ही जाणीवच नसलेल्या त्या पोरीला ती जाणीव मिळाली, एका उंदरामुळे. मी हे विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा दरवेळी इथे थांबते.

मग जगाला वाटलं, लठ्ठपणावरचं औषध सापडलं. सर्वसाधारण लठ्ठ माणसांना लेप्टिन देऊन पाहिलं, फारसा फरक पडला नाही. कारण त्यांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर होतं. निरोप जात होता, ऐकू येत नव्हता. उंदराने दिलेली माहिती खरीच होती, ती एका दुर्मीळ आजाराबद्दल होती आणि आपण ती सगळ्यांना लावायला गेलो.

फसगत आणखी बारीकसारीक गोष्टींतही असते. थॅलिडोमाइड या गोळीने माणसाच्या हजारो बाळांचे हातपाय गर्भातच खुंटले, उंदराच्या पिल्लांवर मात्र तसा परिणाम होत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. ती गोळी ज्या प्रथिनाला धरते, त्यातला एक मणी उंदरात वेगळा आहे. अल्झायमर उंदराला आपणहून होतच नाही. माणसाचं दोषी जनुक घालून त्याच्या मेंदूत या आजारात दिसणारे चिकट साठे तयार करावे लागतात. ते साठे उंदरांत साफ करणारी कितीतरी औषधं माणसांच्या चाचणीत पडली.

आणि खोलीचं तापमान! उंदराला आरामशीर वाटतं ते तीस अंशांच्या आसपास. ॲनिमल हाऊस मात्र आपल्या सोयीसाठी वीस-बावीस अंशांवर ठेवलेलं असतं. तिथे तो बिचारा स्वतःला ऊब देण्यातच कितीतरी ऊर्जा जाळतो. माझ्या स्वतःच्या एका प्रयोगात एप्रिलच्या ऐन उन्हाळ्यात एसी दोन दिवस बंद पडला. सगळ्या पिंजऱ्यांतलं खाणं एकदम कमी झालं. औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही गटांत. दोन महिन्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागले. त्या रात्री मी रडले, पण लठ्ठपणाच्या औषधाचा कुठलाही निबंध वाचताना आता आधी तापमान बघते. उंदीर निशाचर आहे हेही विसरू नये. आपण त्याला सकाळी अकराला तपासतो, म्हणजे माणसाला मध्यरात्री उठवून साखर मोजण्यासारखं आहे ते.

घरगुती उपायवाल्यांसाठी एक छोटा हिशेब. उंदराचं शरीर औषध फार भरभर जाळतं, त्यामुळे दर किलो वजनामागे त्याला दिलेली मात्रा माणसासाठी साधारण बाराने भागायची असते. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम दिलं असेल तर ६० किलोच्या माणसाचं गणित सहा ग्रॅम होत नाही, अर्धा ग्रॅम होतं. तेही फक्त चाचणी कुठून सुरू करायची याचा अंदाज म्हणून. उंदराच्या बातमीवरून काढ्याचं प्रमाण ठरवू नये, ही माझी हात जोडून विनंती.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली. त्याचा विषाणू पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) शोधून काढला. त्या काळी असे विषाणू पकडायचा रस्ताच उंदरांच्या तान्ह्या पिल्लांमधून जायचा. आज सिंधुदुर्गात ज्याला माकडताप म्हणतात, तोच हा आजार. मात्र २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा साध्या उंदराचा उपयोग नव्हता. हा विषाणू पेशीच्या ज्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी उंदरात वेगळी असल्याने सुरुवातीचा कोरोना त्याला धड होतच नव्हता. म्हणून एनआयव्हीत कोव्हॅक्सिनची परीक्षा हॅम्स्टर आणि माकडांवर झाली. बाहेर देशांत माणसाची ती कडी घातलेला एक उंदीर होता, आधीच्या सार्सच्या वेळी तयार केलेला; अचानक सगळ्या जगाला तोच हवा झाला.

आणि मामांच्या घराजवळची एक गोष्ट. मामा लठ्ठ नाहीत. हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बारक्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्यातून आलंय का? माणसात असा प्रयोग कुणी करू शकत नाही, करूही नये. पुण्यात तो रॅटवर झाला. पन्नास पिढ्या त्यांना पोटभर खायला दिलं नाही. त्यांची पिल्लं कमी वजनाची, पोटात चरबी असलेली, इन्सुलिनला दाद न देणारी निघाली. मग दोन पिढ्या हवं तितकं खायला दिलं, तरी ते पूर्ववत झालं नाही. निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाबद्दल तो काही सिद्ध करत नाही. पण परदेशी काळ्या उंदराला चरबी चारून केलेल्या मधुमेहापेक्षा आपला मधुमेह वेगळ्या वाटेने येत असावा, ही शंका त्याने पक्की केली आणि माझ्या मते अशी देशी उंदीर-मॉडेलं आपल्याला कितीतरी जास्त हवी आहेत.

हे सगळं करताना जीव जातात. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा. त्याखाली प्रत्येक संस्थेत समिती असते, तिच्यात विज्ञानाबाहेरची एक व्यक्तीही बसते. किती उंदीर, कशासाठी, कमी चालणार नाहीत का, वेदना कशी कमी करणार, याची उत्तरं लिहून दिल्याशिवाय परवानगी नाही. माझा बारा जणांचा गट समितीने आठावर आणला होता, तेव्हा राग आला होता. हिशेब पुन्हा केला तर आठ पुरत होते. माणसाच्या पेशींपासून वाढवलेले बारके अवयव आता काही प्रश्नांना उंदरापेक्षा चांगलं उत्तर देतात आणि २०२३ पासून आपल्या औषध नियमांनीही अशा पद्धतींना दार उघडलंय. पण पोट, मेंदू, चरबी आणि स्वादुपिंड एकमेकांशी काय बोलतात हे बघायला अजून तरी अख्खा प्राणीच लागतो. मी ज्यांच्यावर काम केलं, त्यांतला एकही उगाच गेला असं होऊ नये याची धडपड मी केली. ती पुरेशी होती का, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला नाही.

परवा रविवारी बिबवेवाडीला गेले. मामांनी ते कात्रण टीपॉयच्या काचेखाली ठेवलेलं होतं. ‘उंदरांमध्ये’ या शब्दाखाली पेनने रेघ. बाजूला त्यांच्या तिरप्या अक्षरात: मधुमेह कसा केला? वय? किती उंदीर? नर-मादी? “यातलं एकही दिलेलं नाही बघ त्यांनी,” मामा तावातावाने म्हणाले. मामींनी चहा आणला, त्यांचा बिनसाखरेचा. मामांनी ग्लुकोमीटर काढला, बोटाला टोचलं, आकडा वहीत लिहिला. मग चष्मा काढून मला विचारलं, “तू म्हणालीस ना, पिल्लांच्या पोटात दुधाचा ठिपका दिसतो. तो किती दिवस दिसतो गं?”

“पाच-सहा दिवस,” मी म्हटलं. “मग अंगावर लव येते.”